सहावा रस

आपल्या वैद्यकाने आणि पाकशास्त्राने रस सहा मानले आहेत : मधुर, अम्ल, लवण, कटू, तिक्त आणि कषाय. यांपैकी पहिल्या पाचांची आपल्या ताटात उत्तम सोय लावलेली असते. मिठाला अग्रपूजेचा मान, त्याच्या शेजारी लिंबाची फोड, मग चटणी-कोशिंबिरी, कारल्याची नाही तर मेथीची भाजी, आणि मधोमध पक्वान्न. कषाय म्हणजे तुरट रस मात्र या पंक्तीत बसत नाही. पंगत उठेपर्यंत तो बाहेर ताटकळत असतो आणि मग सुपारी व कात यांच्या रूपाने विड्यातून येतो. तुपाने जड झालेली जीभ तो खरवडून स्वच्छ करतो आणि जेवण संपले अशी ग्वाही देतो.

हा विचार माझ्या मनात जन्मभर कधी आला नव्हता. तो आला एका फ्रेंच गृहस्थांच्या तांबड्या वाइनमुळे. देवस्थानाशी निगडित वाचकवर्गापुढे मद्याचा विषय काढताना संकोच वाटतो, हे आरंभीच सांगतो. मी मद्याचा प्रचारक नाही आणि नित्याचा पिणाराही नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली, मद्याचे कोणतेही प्रमाण निर्धोक म्हणता येत नाही असे स्पष्ट सांगितले आहे, आणि त्यावर वाद घालण्याची माझी इच्छा नाही. परंतु एखाद्या देशातील माणसे जी वस्तू दुपारच्या साध्या जेवणात भाकरीच्या बरोबरीने ठेवतात, तिचे तेथील अन्नाशी नाते काय आणि आपल्या अन्नाशी ते जुळते काय, हा प्रश्न पानगृहातला नसून स्वयंपाकघरातला आहे.

माझी पुतणी लग्न होऊन फ्रान्सच्या नैर्ऋत्येस काऑर या गावाजवळ राहते. तिचे सासरे द्राक्षबागाईत. २०२३ च्या शारदीय नवरात्रात ते आमच्या देवासच्या घरी प्रथमच आले. वय पंच्याहत्तरीचे, हात आपल्या माळव्यातल्या शेतकऱ्यासारखे भेगाळलेले, बोलणे थोडके. सामानात एक जोडी कपडे कमी आणले असतील, पण लोकरीच्या मोज्यांत गुंडाळलेल्या दोन बाटल्या जपून आणल्या होत्या. त्यांच्या स्वतःच्या मळ्यातली ती वाइन. दारात पाऊल ठेवताच त्यांनी त्या दोन्ही हातांनी माझ्या वहिनींपुढे धरल्या.

या वाइनविषयी थोडे सांगितले पाहिजे. काऑर हे गाव लोत नदीच्या एका मोठ्या वळणात वसले आहे. भोवती चुनखडीचे उजाड पठार. तेथील वाइन मालबेक नावाच्या द्राक्षापासून होते. १९७१ साली या वाइनला गावाच्या नावाचा कायदेशीर हक्क मिळाला, आणि त्यात निदान सत्तर टक्के मालबेक असलेच पाहिजे असा नियम आहे. उरलेला भाग मेर्लो आणि तन्ना या जातींचा. रंग इतका गडद की जुन्या काळापासून लोक तिला ‘काळी वाइन’ म्हणत आले. पेला दिव्यापुढे धरला तरी मधला भाग जांभळाच्या गरासारखा अपारदर्शक राहतो. चव भारदस्त, आणि सर्वांत ठळक म्हणजे तुरटपणा. कच्चे जांभूळ किंवा हिरडा चघळल्यावर जीभ जशी आवळते, तशी पहिल्या घोटाला आवळते. द्राक्षाच्या सालीतून आणि बियांतून उतरणाऱ्या टॅनिन नावाच्या द्रव्याचा हा गुण. चहा, सुपारी, कात, यांच्या तुरटपणाच्या मुळाशीही याच कुळातली द्रव्ये आहेत.

फेब्रुवारी १९५६ मध्ये त्या प्रदेशात अशी थंडी पडली की जवळजवळ सर्व वेली मुळापर्यंत जळून गेल्या. व्याही तेव्हा सात-आठ वर्षांचे होते. त्यांच्या वडिलांनी बाग उपटली, कर्ज काढून पुन्हा लावली, आणि वेल धरेपर्यंत दुसऱ्यांच्या शेतावर मजुरी केली. आज आणलेल्या बाटल्या त्या वडिलांनी लावलेल्या वेलींच्या. हे सारे पुतणी मराठीत सांगत होती, आणि वहिनी त्या बाटल्यांकडे पाहत ओटीवर उभ्या होत्या.

घरात घट बसलेले. देव्हाऱ्यात अखंड नंदादीप. आमच्याकडे नऊ दिवस कांदा-लसूणही उंबरा ओलांडत नाही. मद्य तर आजवर कधीच आलेले नाही. उलट बाजूस मुलीचे सासरे, सात समुद्र ओलांडून आलेले, आणि त्यांच्या हातात त्यांच्या बापाच्या घामाची वस्तू. थोरले बंधू आज असते तर हा निर्णय त्यांच्यावर गेला असता. वहिनी मला इतकेच म्हणाल्या, “भाऊजी, नाही म्हणता येत नाही आणि आत नेता येत नाही. काय करू सांगा.” मला काही सुचले नाही. मग त्यांनीच ओटीवरल्या कोनाड्यात, जेथे पूर्वी आमच्या आजोबांची पगडी असे, तेथे एक धुतलेले पंचे अंथरले आणि बाटल्या त्यावर ठेवविल्या. व्याह्यांनी मान लववली. त्यांना नकार कळला की मान कळला, हे त्यांच्या चेहऱ्यावरून समजेना, आणि पुतणीचा चेहरा मात्र उतरला. परक्या देशात गेलेल्या मुलीला सासरच्या माणसांपुढे माहेर उघडे पडू नये असे किती वाटत असते, ते मला त्या क्षणी दिसले.

देवासला फ्रेंचांचे नाव नवे नाही, आणि ते सुखाचेही नाही. आजोबा थोरल्या पातीच्या दप्तरात कारकून होते. वाचकांना ठाऊक असेल की पवार बंधूंच्या या एका गावात थोरली आणि धाकटी अशा दोन पात्यांची दोन राज्ये नांदत. थोरल्या पातीचे तिसरे तुकोजीराव महाराज मोठे कृष्णभक्त. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर १९२१ साली काही महिने त्यांचे खासगी चिटणीस होते, आणि त्यांनी पाहिलेल्या देवासच्या गोकुळाष्टमीचे प्रतिबिंब १९२४ सालच्या ‘अ पॅसेज टु इंडिया’ या त्यांच्या कादंबरीत उतरले. आम्हा खाद्यरसिकांना अधिक जवळची गोष्ट ही, की याच फॉर्स्टरसाहेबांनी आधीच्या भेटीत पाटावर बसून जेवल्यावर ताटाचा आराखडा आकड्यांनिशी पत्रातून घरी कळविला होता; १९५३ च्या ‘द हिल ऑफ देवी’ या पुस्तकात तो आहे. पुढे राज्य कर्जात बुडाले, १९३३ च्या अखेरीस महाराज फ्रेंचांच्या पाँडिचेरीत निघून गेले आणि १९३७ साली तेथेच निवर्तले. आजोबांच्या तोंडी ‘फ्रेंच मुलूख’ हे शब्द आले की पाठोपाठ एक सुस्कारा येई. तो कोनाडा त्यांचाच. असो.

दुसऱ्या दिवशी व्याह्यांना घेऊन टेकडीवर गेलो. देवासची टेकडी म्हणजे तुळजाभवानी आणि चामुंडा या दोघी बहिणींचे स्थान; लोक थोरली माता, धाकटी माता म्हणतात. पायऱ्या चढताना व्याही हळूहळू बोलू लागले. त्यांच्या गावापासून जवळच रोकामादूर नावाचे तीर्थ आहे. कड्याला बिलगलेली देवळे, वर जाण्यास दोनशे सोळा पायऱ्या, आणि गाभाऱ्यात अक्रोडाच्या लाकडाची काळी माता. त्यांची आई त्या पायऱ्या गुडघ्यांवर चढली होती. १९५६ च्या थंडीनंतरच्या वसंतात. चामुंडेपुढे ते बराच वेळ उभे राहिले. खाली उतरताना त्यांनी पुतणीला विचारले, “आमची वाइन तुमच्या देवाला चालत नाही का? आमच्याकडे तर वेदीवर तीच असते.” हे खरेच आहे. रशियातील सनातनी चर्चमध्ये प्रसादाच्या गोड तांबड्या वाइनला ‘कागोर’ म्हणतात, ते नाव या काऑरवरूनच पडले.

मी म्हणालो, या देवीला चालत नाही, पण चाळीस किलोमीटरांच्या आत एक देव आहे, त्याला चालते.

दसऱ्याच्या सकाळी आम्ही उज्जैनला क्षिप्राकाठच्या काळभैरवाला गेलो. तेथील पद्धत सर्वश्रुत आहे. पुजारी भक्ताने आणलेले मद्य बशीत ओततो, बशी मूर्तीच्या ओठांना लावतो, ती रिती होते, आणि बाटलीत उरलेले प्रसाद म्हणून परत मिळते. (१ एप्रिल २०२५ पासून उज्जैनसह काही तीर्थस्थानी मद्यविक्री बंद झाली, भैरवाचा हा नैवेद्य मात्र चालू आहे.) पुजाऱ्याने व्याह्यांच्या बाटलीचे बूच पाहून जरा कपाळाला आठी घातली, मग कोणाच्या तरी खिशातील उपकरणाने ते निघाले. काळी वाइन बशीत पडली. म्हाताऱ्याने टोपी काढून छातीशी धरली होती. बशी रिती झाली तेव्हा त्याच्या डोळ्यांतून पाणी आले, आणि पुतणीच्याही.

घरी परतल्यावर वहिनींपुढे नवाच प्रश्न. सकाळपर्यंत जी मदिरा होती ती आता प्रसाद झाली होती, आणि प्रसादाला नाही कसे म्हणावे? त्यांनी हात धुतले, पदर सावरला, बाटलीच्या तोंडाशी अनामिका लावली आणि ते बोट कपाळाला टेकवले. प्याल्या नाहीत. पण व्याह्यांच्या बाटलीला त्या घरात जे मिळायचे होते ते मिळाले. मग त्यांनी विचारले, “ही कशाबरोबर घेतात हो ते?”

येथून आमच्या स्वयंपाकाच्या चर्चेला आरंभ झाला, आणि ती रात्री दहापर्यंत चालली. व्याही सांगत, पुतणी उलथा करी, वहिनी शंका काढीत. त्यांच्याकडे या वाइनबरोबर बदकाचे मांस असते. ते त्याच्याच चरबीत मंद आचेवर शिजवून त्याच चरबीत बुडवून मुरवतात, आपण लोणच्यावर तेल ठेवतो तसे. शिवाय पठारावरचे कोकरू, अक्रोड, सोयाबीनहून मोठ्या पांढऱ्या घेवड्याचा रस्सा. यांत समान काय? स्निग्धता आणि मीठ. तुरट द्रव्ये लाळेतील प्रथिनांना धरतात, म्हणून जीभ आवळते. पण समोर स्निग्ध मांस आले की ती त्याला धरतात, आणि तुरटपणा मऊ पडून मागचा फळांचा स्वाद पुढे येतो. मीठही त्यांना नरमवते. साखर मात्र वाइनला कडू करते. तिखटाने मद्याची जळजळ दुणावते. आणि मासळीच्या तेलाशी तांबड्या वाइनमधील लोह जमले की तोंडात गंजलेल्या खिळ्याची चव येते. आमच्या गोमंतकीय वाचकांनी हे विशेष ध्यानात ठेवावे; बांगड्याच्या हुमणासमोर काळी वाइन म्हणजे दोघांचाही अपमान.

वहिनी ऐकून घेऊन क्षणभर गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, “म्हणजे हा त्यांचा विडाच की. आपण शेवटी खातो, ते घासागणिक घेतात.”

या एका वाक्याने मला जो उलगडा झाला तो पुस्तकांनी झाला नव्हता. ज्या पदार्थानंतर विड्याची ओढ लागते, तो पदार्थ या वाइनला मानवतो. ज्याच्यानंतर पाणी हवेसे वाटते, तो मानवत नाही. एवढी एक कसोटी पुरे. पुरणपोळीवर तूप कितीही ओतले तरी तिची गोडी आड येते, हा तेवढा अपवाद.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही धारला गेलो. तेथे माझ्या एका मराठा स्नेह्याचा जुना वाडा आहे, आणि त्याच्या घरी दसऱ्यानंतर सामिष पंगत असते. वहिनी आल्या नाहीत, पण त्यांनी बाफल्यांचा डबा आणि चक्कीची भाजी बरोबर दिली. उघडलेली बाटली रात्रभर ओटीवरच होती. मला ती नासली असेल अशी शंका. व्याही हसले. असली दणकट वाइन एक दिवस हवा खाऊन उलट माणसाळते. तरुण बाटली तर जेवणाआधी दोन तास काचेच्या सुरईत ओतूनच ठेवावी, असे त्यांचे म्हणणे. फक्त माळव्यातल्या आश्विनाची दुपार तिला सोसणारी नव्हती. तिला सोळा ते अठरा अंश उष्णता हवी. स्नेह्याच्या मातोश्रींनी बाटलीला ओले फडके गुंडाळून माठाशेजारी सावलीत ठेवली आणि प्रश्न सुटला.

पंगतीत तीन प्रकारचे मटण होते. लाल मिरचीचा झणझणीत रस्सा, ज्याचा त्या घराला अभिमान, तो पहिल्याच घोटात बाद झाला. जिभेवर निखारे ठेवल्यागत झाले. सुके मटण बरे जुळले. पण खरी गाठ पडली ती खसखशीच्या वाटणातल्या मटणाशी. माळवा हा खसखशीचा मुलूख. मातोश्रींनी ती भिजवून पाट्यावर लोण्यासारखी वाटली होती. तिखटासाठी मिरची नाही, केवळ मिरे आणि सुंठ. वर भरपूर तूप. खसखशीचे तेल, तूप आणि हाडांचा रस यांचा जो दाट साय-स्वाद, त्यावर काळ्या वाइनचा घोट घेतला आणि कळले, की दोन अपरिचित कुळांतले सोयरसंबंध कधी कधी असेही लागतात. कोल्हापूरचा पांढरा रस्साही याच वाटेचा. तुकोजीरावांचे चिरंजीव विक्रमसिंहराव १९४७ साली कोल्हापूरच्या गादीवर शहाजी महाराज म्हणून दत्तक गेले, तेव्हा आमच्या देवासचा त्या रश्श्यावर थोडा हक्क सांगावा असे मला नेहमी वाटते.

शाकाहारी वाचकांनी निराश होऊ नये. वहिनींचे बाफले, आधी उकडून मग गोवऱ्यांच्या आरावर भाजलेले आणि तुपात बुडवलेले, या परीक्षेत मटणाच्या बरोबरीने उतरले. गव्हाची कणीक धुऊन उरलेल्या चिकट गोळ्याची चक्की तर दाताखाली मांसासारखीच लागते. तिच्या रश्श्यात दही थोडे बेताचे हवे, इतकेच. हिवाळ्यात तळलेला गराडू मिळतो. त्यावरचे लिंबू वगळून नुसते मीठ-मिरे घातले तर तोही चालेल असा माझा तर्क आहे. भुट्ट्याचा कीस मात्र नको. त्याची कोवळी गोडी या राक्षसापुढे चिरडून जाते. झाबुव्याच्या काळ्या कडकनाथ कोंबडीचा, जिला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले, प्रयोग करायचा राहिला. काळ्यास काळे शोभले असते.

जेवताना स्नेह्याने मांडूची गोष्ट काढली. धारपासून तासाभराच्या वाटेवरचे मांडू. तेथील सुलतान घियासशाह खिलजी, १४६९ ते १५०० पर्यंत राज्य केलेला, याने स्वतःच्या आवडीच्या पाककृतींचा सचित्र ग्रंथ करवला, ‘निआमतनामा’. त्याची एकमेव ज्ञात प्रत आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. चित्रांत मिशाळ सुलतान बसला आहे आणि भोवती स्त्रिया समोसे, मांस, सरबते सिद्ध करीत आहेत. या ग्रंथातील अन्न तुपाने, सुगंधी द्रव्यांनी, मिऱ्या-आल्याने समृद्ध आहे, आणि त्यात मिरची नाही. कारण ती अजून या देशात यायची होती. पोर्तुगिजांच्या जहाजांतून ती पुढे आली. मातोश्रींचे ते खसखशीचे मटण म्हणजे, कळत न कळत, मिरचीपूर्व माळव्याचा अवशेष होय असे मला वाटते. आणि त्याच ग्रंथात विड्यावर, पान कसे लावावे, कशाने सुगंधित करावे यावर, किती मजकूर आहे! तुपकट ताटाला तुरट उतारा हवा, हे त्या सुलतानालाही पटलेले होते. त्याने तो आपल्या रीतीने शेवटी ठेवला.

जेवण संपत आले. व्याह्यांच्या वाटीच्या तळाशी बाफल्यांची तूरडाळ उरली होती. त्यांनी इकडे तिकडे पाहिले, पेल्यातली उरलेली वाइन त्या डाळीत ओतली, वाटी हलवली, दोन्ही हातांनी तोंडाला लावली आणि आवाज करीत पिऊन टाकली. पंगत अवाक् झाली. पुतणी लाजून म्हणाली, “काका, त्यांच्या खेड्यात शेवटच्या सूपमध्ये असेच करतात. शाब्रो म्हणतात त्याला. शहरात करीत नाहीत. घरचे माणूस असले तरच करतात.” मातोश्री ऐंशीच्या घरातल्या. त्यांनी आपली कढीची वाटी उचलली, तशीच दोन्ही हातांनी, आणि तितक्याच मोठ्या आवाजात भुरकली.

विडे आले. व्याह्यांनी विडा तोंडात धरला, चावला, भुवया उंचावल्या आणि बोटाने आधी विड्याकडे, मग रिकाम्या पेल्याकडे खूण केली. कोणी काही सांगितलेले नव्हते.

दुसरी बाटली न उघडता धारलाच राहिली. असली वाइन दहा वर्षे सहज टिकते, आडवी निजवावी, ऊन लागू देऊ नये, असे सांगून व्याही गेले. स्नेह्याच्या वाड्यात धान्याचे जुने बळद आहे, गार आणि अंधारे. तेथे ती ठेवली आहे. ठेवण्यापूर्वी मातोश्रींनी तिला हळदीकुंकवाचे बोट लावले, घरात येणाऱ्या प्रत्येक नव्या वस्तूला लावतात तसे.